पारसच्या भट्टीतील पऱ्हाटी

अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाऐवजी पऱ्हाटी जाळावी, म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतील आणि प्रदूषणही घटेल, असे सांगणाऱ्यांची संख्या वाढत आहे. कल्पना टाकाऊ नाही. परंतु तिचा हिशेब मांडल्यावाचून तिचे स्वागत करणे समाजवादी कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

पारस येथे आज प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते सत्तर टक्के क्षमतेने चालले तरी वर्षाला सुमारे २० लाख टन कोळसा लागतो. तेवढीच उष्णता पऱ्हाटीपासून मिळवावयाची तर जवळजवळ तेवढेच वजन जाळावे लागेल. कोरडवाहू कपाशीची पऱ्हाटी हेक्टरी दोन टन धरली, तर त्यासाठी १० लाख हेक्टर कपाशी हवी. अकोला जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळच, गावठाणे, रस्ते आणि नद्या धरून, साडेपाच लाख हेक्टरांच्या आत आहे! अमरावतीजवळच्या नांदगावपेठ येथील १३५० मेगावॅटच्या खाजगी केंद्राची भूक तर याच्या अडीच पटींहून अधिक. तेव्हा संपूर्ण परिवर्तनाची भाषा येथे व्यर्थ आहे. इंग्लंडमधील ड्रॅक्स केंद्राने सहापैकी चार संच २०१३ ते २०१८ या काळात लाकडाच्या गोळ्यांवर आणले खरे. पण त्या गोळ्या मुख्यतः अमेरिका व कॅनडातून जहाजांनी येतात आणि त्यांच्या अनुदानाचा भार ब्रिटिश ग्राहकाच्या वीजबिलावर पडतो.

उरतो तो अंशतः वापराचा मार्ग. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण जाहीर केले आणि २०२३ च्या सुधारणेने २०२४-२५ पासून पाच टक्क्यांचे बंधन घातले. पारसपुरते हे प्रमाण वर्षाला एक लाख टन, म्हणजे ५० हजार हेक्टरांची पऱ्हाटी. हे शक्य कोटीतील आहे. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सरकारी भाषेत पऱ्हाटी हा 'अवशेष' आहे. वऱ्हाडातील खेड्यात ती अवशेष कधीच नव्हती. भूमिहीन मजूर स्त्री पऱ्हाटी उपटून देते आणि तिच्या मोळ्या चुलीसाठी घरी नेते. पुष्कळ ठिकाणी हा तिच्या मजुरीचाच भाग असतो. गॅसची जोडणी मिळाली तरी दुसरा सिलिंडर भरणे ज्या घराला जड जाते, तेथे पावसाळ्याची बेगमी म्हणजे पऱ्हाटी आणि तुराट्याच. तिला बाजारभाव आला की धुऱ्यावरचा ढीग मालकाचा होईल आणि मजुराची चूल विकतच्या सरपणावर जाईल. शिवाय चुलीची राख उकिरड्यावाटे शेतात परत जाते. वीज केंद्रात ती दगडी कोळशाच्या राखेत मिसळून जमिनीला कायमची मुकते.

याला दुसरी बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या प्रकोपानंतर फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात व धुऱ्यावर ठेवू नका, असे कृषी खाते सांगत आले आहे. उपटणीचा खर्च अंगावर घेण्यापेक्षा अनेक शेतकरी ती शेतातच पेटवून देतात. ही पऱ्हाटी कोणी योग्य दराने उचलली तर अळीचा बंदोबस्त होईल आणि धूरही टळेल.

मात्र योग्य दर कोणाला? गोळ्यांचा आधारभूत दर ठरविण्याची सोय २०२३ च्या सुधारणेत आहे; पण तो दर कारखानदाराच्या मालाचा, शेतातील पऱ्हाटीचा नव्हे. लाख टनांवर टनामागे हजार रुपयांचा फरक म्हणजे दहा कोटी रुपये! ते शेतकरी व मजूर यांच्याकडे जातात की मधल्या ठेकेदाराकडे, यावर या योजनेचे वर्गीय स्वरूप ठरेल. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराने अवाढव्य. ती लांबवर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून तुकडे करणे, वाळविणे व दाबून गोळ्या करणे हे काम गावांजवळच व्हावे लागते. ते तेथील सहकारी संस्थेने करावे की भाडोत्री यंत्रे आणणाऱ्या व्यापाऱ्याने, हा निर्णय निविदेच्या अटींत होतो आणि त्या अटी आपल्याकडे फारसे कोणी वाचत नाही.

वऱ्हाडला असा अनुभव नवा नाही. महाराष्ट्राने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हा व्यापाऱ्याची पकड सैल करण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. पुढे चुकारे रखडले आणि प्रतवारीच्या टेबलावर शेतकरी नाडला गेला. पऱ्हाटीच्या व्यवहारात ओलावा हीच प्रतवारी ठरणार. माल केंद्राच्या फाटकाशी तोलला आणि तपासला, तर 'ओली आहे' असे म्हणून भाव पाडणे सोपे होईल. एकदा भाड्याने आणलेली गाडी शेतकरी परत कशी नेणार? काटा व ओलावामापक गावातच असावेत, चुकारा आठवड्यात व्हावा, उपटणीची मजुरी दरात वेगळी दाखवावी आणि मजूर कुटुंबांच्या चुलीचा वाटा आधी बाजूला काढावा, असे ठराव ग्रामसभांत आणता येतील. उपटणीचा मुख्य हंगाम जानेवारीनंतरचा आहे. ठराव त्यापूर्वी, सीतादहीच्या सुमारासच व्हावयास हवेत.