अंतुल्यांना आपण कसे आठवायचे?

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे नाव माझ्या नववी-दहावीच्या मुलांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातही दोन तट आहेत. एका तटाला फक्त सिमेंट आठवते. दुसऱ्या तटाला, म्हणजे आपल्यातल्याच अनेकांना, एवढेच आठवते की 'अपना आदमी था, टिकने नहीं दिया.' मला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. म्हणून आज त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडतो.

अंतुले मूळचे कोकणातल्या आंबेत गावचे, जन्म १९२९ चा. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. १९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत निवडून आले आणि १९७६ पर्यंत तिथे राहिले, राज्यात मंत्रीही झाले. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली तेव्हा भलेभले इंदिरा गांधींना सोडून गेले, अंतुले मात्र थांबले. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले मुस्लीम मुख्यमंत्री, आणि आजपर्यंतचे एकमेव.

खुर्ची मिळाली जेमतेम दीड वर्ष. त्या दीड वर्षातली कामे बघा. निराधारांसाठी संजय गांधी योजना १९८० ची. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना हे जिल्हे वेगळे झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिले तेही त्यांच्याच काळात. शिवरायांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला देणारा मुख्यमंत्री मुसलमान होता, ही गोष्ट शिवजयंतीच्या भाषणांत मी तरी फारशी ऐकलेली नाही. भवानी तलवार इंग्लंडहून परत आणायचा विषयही त्यांनीच लावून धरला होता.

नवा जिल्हा म्हणजे काय, हे आम्हा धुळेकरांना वेगळे सांगायला नको. १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या कामासाठी धुळ्याला यावे लागे. एका सहीसाठी जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि साहेब दौऱ्यावर असले तर मुक्काम. सरकार माणसाच्या जवळ आणणे म्हणजे विकासच असतो, मग त्याचा पुतळा उभा राहो न राहो.

निराधार योजनेचे तर रोज दिसते. आमच्या सोनगीरमध्ये तांब्या-पितळेच्या भांड्यांवर एके काळी कितीतरी घरे चालत. स्टील आले, प्लास्टिक आले आणि हातोड्यांचा आवाज कमी झाला. अशा गावात घरातला कमावता माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईला आधार कोणाचा? तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, तहसीलचा अर्ज, दरवर्षी हयातीचा दाखला, आणि मग खात्यात महिन्याला दीड हजार. रक्कम तुटपुंजी आहे, वेळेवर येत नाही, हे खरेच. पण त्या रांगेत साळुंखेबाई असतात, भिलाटीतली आजी असते आणि आमच्या मोहल्ल्यातल्या खालाही असतात. योजना काढणाऱ्याची जात-जमात त्या रांगेत कोणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवून चालणार नाही. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते, परवान्याशिवाय गोणी मिळत नसे. अंतुल्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळाला, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण बाहेर काढले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे खटला वर्षानुवर्षे चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याच न्यायालयाचा १९८४ चा आदेश चुकीचा ठरवला. आरोपीचा कायद्याने मिळालेला हक्क न्यायालयही काढून घेऊ शकत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. वकिलीचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात.

'मुसलमान होते म्हणून घालवले' असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. देणगी आणि सरकारी कोटा एकाच टेबलावर आले, तर ते आपल्या माणसाने केले म्हणून चांगले होते का? अमानत म्हणजे काय, हे आपण मुलांना शिकवतो. सरकारी कोटा ही तर साऱ्या राज्याची अमानत.

आणि 'सिमेंट' म्हणून हिणवणाऱ्यांनाही प्रश्न आहे. १९८६ ला मुलीच्या डॉक्टरी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात निलंगेकरांना जावे लागले. २०१० ला 'आदर्श' प्रकरणात अशोक चव्हाण गेले. तेव्हा त्यांच्या समाजाकडे कोणी खुलासा मागितला नाही, आणि मागायचाही नव्हता. मग एका अंतुल्यांचा खुलासा साऱ्या जमातीने का द्यावा?

हे आपल्याकडेच होते असे नाही. मार्च २०२४ मध्ये व्हॉन गेथिंग वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री झाले. त्या पदावरचा पहिला कृष्णवर्णीय माणूस. कोविडच्या काळात आरोग्य खाते त्यांच्याकडे होते. पण पक्षांतर्गत निवडणुकीसाठी घेतलेल्या दोन लाख पौंडांच्या देणगीवरून वाद पेटला आणि जुलैमध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. आपण काही गैर केले नाही, असे ते सांगत राहिले. पहिल्या माणसाकडे लोक भिंगातून बघतात, हे अन्यायाचे आहे. पण म्हणून भिंगाखाली जे दिसते ते खोटेच असते, असेही नाही.

अंतुले संपले नाहीत. पुढे लोकसभेत गेले, केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ नंतर अल्पसंख्याक खाते सांभाळले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. पण राज्यात त्यांची जागा रिकामीच राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लीम आमदार दहा.

याला इतरांची मने जबाबदार आहेतच. पण अंतुल्यांची खुर्ची दिल्लीच्या मर्जीवर उभी होती हेही विसरू नये. वरून मिळालेली खुर्ची वरूनच जाते. खालून उभे राहायचे तर ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी लागेल, आणि केवळ मोहल्ल्याचा मेंबर म्हणून नाही, साऱ्या गावाचा म्हणून. पाण्याची टाकी, शाळेची खोली, विधवेचा अर्ज, यांत हिंदू-मुसलमान नसते.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. अंतुल्यांच्या जयंतीला फोटोला हार घालू नका. वॉर्डातल्या ज्या बाईचा निराधारचा अर्ज कागदासाठी अडला आहे, तिच्याबरोबर धुळ्याच्या तहसीलला जा. आणि तिच्याकडून चहाचेही पैसे घेऊ नका.