मुक्या जिवाची वाट

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी एकदा बैल विकला होता. बेल्ह्याच्या बाजारात व्यवहार झाला, दावं दुसऱ्याच्या हाती गेलं. चौथ्या दिवशी पहाटे आजीनं दार उघडलं, तर बैल गोठ्यापाशी उभा! "मुक्या जिवाला वाट कळते," एवढंच ती म्हणाली.

त्या वाटेचं शास्त्र पुढं वाचनात आलं. १९८१ साली रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. दुधाळ पाण्याच्या गोल हौदात उंदीर सोडायचा. पाण्याखाली, दिसणार नाही असा, लहानसा चौथरा. पहिल्यांदा उंदीर सैरभैर पोहायचा. काही खेपांनंतर मात्र कुठल्याही काठावरून सोडला, तरी खोलीतल्या खुणांच्या आधारानं नेमका चौथऱ्यावर जायचा. चौथरा काढून घेतला, तर त्या रिकाम्या जागीच घिरट्या घालायचा!

हा उंदीर मला आठवतो तो आमच्याकडच्या बिबट्यांमुळं. २००१ पासून जुन्नर वनविभागात पकडलेले कित्येक बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला पकडलेला 'आजोबा' हा बिबट्या पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईलगतच्या जंगलात पोचला. तो मूळचा तिकडचाच असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो गेला.

उंदराचा हौद आणि बिबट्याचं रान एक नव्हे, हे खरं. ज्या घरातलं लेकरू बिबट्यानं नेलं, त्या घरी जाऊन असले प्रयोग सांगण्याची माझी तरी छाती नाही. "उचला आणि लांब सोडा" हा त्यांचा आक्रोश मला कळतो. पण लांब सोडलेला बिबट्या आपली जागा विसरत नाही, आणि अनोळखी मुलखात सैरभैर होऊन तो कुणाच्या तरी दुसऱ्याच अंगणाशी पोचतो. उसात जन्मलेल्या पिल्लाचं तर ऊस हेच घर.

म्हणून पैसा बंदिस्त गोठ्यांवर, वाटेवरच्या दिव्यांवर आणि शेतीला दिवसा वीज देण्यावर खर्च व्हावा. रात्री दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा जीव पिंजऱ्याच्या गाडीपेक्षा त्यानं अधिक वाचेल.