थांबण्याचा हिशेब

नाहूरजवळच्या सोनापूर सिग्नलला रिक्षा अडकली की भाड्याच्या मीटरवरचा आकडा उभ्या जागी चढतो. थांबण्याचेही पैसे लागतात, हे त्या मीटरला कळतं. किलोमीटरच्या काट्याला ते कळत नाही. आणि इंजिन ऑइल कधी बदलायचं, हे मात्र आपण त्यालाच विचारतो.

इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरत नाही, तेलावर तरंगतो. फिरताना तो तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तिथे दाब तयार होतो आणि तो दाब भार उचलतो. हे उमगलं ते रेल्वेच्या चाकांमुळे. १८८३च्या सुमारास इंग्लंडात बीचम टॉवर हा इंजिनिअर आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला वरून पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने दोन्ही ढकलून दिली. गेज लावला, तर दाब सरासरी भाराच्या दुपटीवर गेलेला! १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच गणितावर होतं.

तेलाच्या या थराची जाडी काही मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तरचा. हा थर टिकतो गतीवर. इंजिन सुरू होताना पहिले काही क्षण तो नसतोच. पिस्टन तर प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे उष्णताही जास्त, म्हणून सिलिंडर सर्वाधिक झिजतो तो वरच्या भागातच. थर तुटला की धातूला सांभाळतात तेलात मिसळलेली झीजरोधक रसायनं. ती हळूहळू संपतात, तेलही उष्णतेने जुनं होत जातं. गाडी पुढे सरकतेय की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४चं काम चाललं आहे. तिथल्या क्रेन-पोकलेनचं तेल इंजिन किती तास चाललं यावर बदलतात. नाहूरच्या टॉवरांतल्या जनरेटरचंही तसंच, गावाकडच्या ट्रॅक्टरचंही. त्या कामामुळे अडकून बसलेल्या गाड्यांना मात्र किलोमीटरचा हिशेब. कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये रखडत्या रहदारीसाठी तेल लवकर बदला, अशी सूचना असते; पण बारीक अक्षरात, तळटीपेत. मुंबईत तळटीप हाच नियम आहे! गॅरेजवाला काचेवर स्टिकर चिकटवतो त्यावर पुन्हा किलोमीटरच.

इंजिनाच्या तासांची मोजणी आजच्या अनेक गाड्यांच्या संगणकात होतच असते. तो आकडा डॅशबोर्डवर दाखवायला कंपन्यांना नवा पुर्जा बसवावा लागणार नाही.