फळवाटप पुरे, आता आठवड्याचे दोन तास द्या

नेत्याचा वाढदिवस आला की आपल्याकडचा कार्यक्रम ठरलेला. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. दोन केळी, एक बिस्किटाचा पुडा, पेशंटच्या एका हाताला कार्यकर्त्यांचे पाच हात, अन् फोटो. ज्याचा तोंडाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, त्याले केळं गिळता येत नाही भाऊ. एवढं तरी पाहत जा.

खर्ऱ्यानं तोंड गेलेला आपला माणूस रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसनं टाटाला जातो. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत अनेकांना आसरा मिळतो. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." खरा प्रश्न बडनेऱ्याला उतरल्यावर सुरू होतो. रात्रभर कण्हणं थांबवायचं कसं? जखमेचा वास, पाठीला पडलेले व्रण, नळीतून जेवण... हे त्या बायकोला कोणी शिकवलं? अन् ती सोयाबीनच्या कामावर गेली तर घरी कोण?

याच काळासाठी हॉस्पिस असतं. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून. दोन्हीकडं सेवा मोफत. वारज्याला नातेवाइकालाच सोबत ठेवून शुश्रूषा शिकवतात, म्हणजे घरी गेल्यावर तो घाबरत नाही.

इथं स्वयंसेवकाचं काम काय? इंजेक्शन देणं नाही, ते नर्सचं. स्वयंसेवक कूस बदलायला हात लावतो, तोंड पुसतो, पेपर वाचून दाखवतो. घरची बाई दोन तास झोपावी म्हणून नुसता बसून राहतो. संजय गांधी निराधारचा फॉर्म भरून तहसीलला चकरा मारतो. माणूस गेल्यावर पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा जातो. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही, म्हणून तर गर्दी नाही.

"पैसा कुठून आणायचा?" केरळात मलप्पुरमच्या लोकांनी गावोगावी छोट्या वर्गण्या जमवून हे उभं केलं. प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक आठवड्याला किमान दोन तास देतो. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं धोरण केलं अन् ग्रामपंचायतींना कामाला लावलं. आपण मंडपाची, महाप्रसादाची वर्गणी एका रात्रीत गोळा करतो. पैशाचं रडगाणं आपल्याला शोभत नाही.

"आपल्याकडं असं जमत नाही," हेही सांगू नका. दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 मध्ये इथंच, अमरावतीत, कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. गाडगेबाबा आपल्याच शेंडगावचे. त्यांच्या पुतळ्याला हार घालायला आपण पुढं, पेशंटची चादर बदलायला कोणीच नाही?

पण स्वयंसेवकांच्या जिवावर सरकारनं हात झटकायचे, हे चालणार नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या 12 सेवांमध्ये अशा रुग्णांची शुश्रूषा कागदावर आहेच. मॉर्फिनची गोळी महाग नाही. 2014 मध्ये एनडीपीएस कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थेला चार-चार परवान्यांची गरज नाही. तरी पेशंट दुखण्यानं ओरडत मरत असेल, तर दोष नशिबाचा नाही.

म्हणून आमदार, जिल्हा परिषद अन् दोन्ही जिल्ह्यांच्या सिव्हिल सर्जनना तीन साधे प्रश्न. आपल्या तालुक्यात मॉर्फिन कुठं मिळतं? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी नर्स किती दिवसांनी जाते? स्वयंसेवकांना शिकवायची सोय कधी करणार? उत्तरं जाहीर द्या.

अन् आपल्यासाठी एक. गल्लीत असं एखादं घर असतेच. या रविवारी दोन तास तिथं जाऊन बसा. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल, फक्त मोबाईल खिशात ठेवा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.