विश्लेषण : रुग्णालयातील यंत्र मोबाइलमुळे बिघडू शकते का? ‘घुमणाऱ्या खोली’त ते कसे तपासतात?

खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो याच उपनगरातून धावते. काही किलोमीटरवरील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. उपचार यंत्रे, मेट्रोची सिग्नल यंत्रणा, विमाने आणि लाखो मोबाइल अशा सगळ्यांना एकाच हवेतून, एकमेकांच्या लहरींच्या गर्दीत काम करावे लागते. ही यंत्रे एकमेकांच्या कामात अडथळा आणणार नाहीत, याची खात्री कशी केली जाते? त्यासाठीची एक पद्धत म्हणजे रिव्हर्बरेशन चेंबर. ती काय आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याविषयी…

‘ईएमसी’ म्हणजे काय?

ईएमसी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी, अर्थात विद्युतचुंबकीय सुसंगतता. तिच्या दोन बाजू आहेत. यंत्राने आजूबाजूला नको तितक्या लहरी सोडू नयेत, ही पहिली. बाहेरून आलेल्या लहरींमुळे ते स्वतः गडबडू नये, ही दुसरी.

पहिल्या बाजूचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणारे अत्यंत क्षीण संकेत टिपतात. जवळपासच्या यंत्रांचा ‘गोंगाट’ त्यांना सहज झाकून टाकू शकतो. म्हणूनच ही दुर्बीण महानगरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाला उभारली गेली.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९०च्या दशकात तिथे विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर रेडिओ लहरींमुळे आपोआप हलल्याच्या तक्रारी आल्या. अखेर तेथील अन्न व औषध प्रशासनाला उत्पादकांकडे संरक्षण वाढवण्याचा आणि ग्राहकांना सावध करण्याचा आग्रह धरावा लागला. व्हीलचेअर उताराच्या तोंडाशी असेल, तर असा बिघाड जिवावर बेतू शकतो.

खारघरचा संबंध काय?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘समीर’ (सोसायटी फॉर अप्लाइड मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंग अँड रिसर्च) या संस्थेचे एक आवार खारघरमध्ये आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मायक्रोवेव्ह विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ स्वतंत्र झाली. तिचे मुख्यालय पवईत आयआयटीच्या आवारात आहे. कर्करोगावरील किरणोपचारासाठी लागणारी लिनॅक यंत्रे देशात विकसित करण्याचे काम या संस्थेने केले आणि ईएमसी चाचण्या हेही तिचे एक प्रमुख काम आहे.

हे दोन विषय एकाच संस्थेत असणे योगायोग नाही. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉनना वेग देण्यासाठी मेगावॉट पातळीचे मायक्रोवेव्ह स्पंद वापरतात. त्याच इमारतीत हृदयाचे ठोके मोजणारे मॉनिटर आणि औषधाचे थेंब मोजणारे पंप चालू असतात. इतक्या ताकदीच्या स्रोताशेजारी ही नाजूक यंत्रे बिनचूक चालायला हवीत.

नेहमीची चाचणी कशी होते?

साधारणपणे ही चाचणी ॲनेकोइक, म्हणजे प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत होते. खोलीच्या आतील बाजूला लहरी शोषणारे टोकदार फोमचे सुळके लावलेले असतात. एका बाजूला अँटेना असते आणि दुसऱ्या बाजूला तपासायचे यंत्र. लहर अँटेनातून निघते, यंत्रावर पडते आणि उरलेली भिंतीत जिरते. मग यंत्र फिरवून चारही बाजूंनी, आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवीकरणांत चाचणी केली जाते. म्हणजे एकूण आठ फेऱ्या होतात.

ही पद्धत मोकळ्या मैदानासारखी आहे. पण रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, मेट्रोचा डबा किंवा विमानाची केबिन ही मोकळी मैदाने नाहीत. तिथे लोखंडी खाटा, कपाटे आणि धातूच्या भिंती असतात. लहर एकाच दिशेने न येता दहा ठिकाणी आपटून येते. एखाद्या यंत्राचा कच्चा दुवा त्या आठ फेऱ्यांत न सापडणाऱ्या तिरक्या कोनात असेल, तर यंत्र चाचणीत पास होते आणि प्रत्यक्षात अडखळते.

रिव्हर्बरेशन चेंबर वेगळे कसे?

विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की आवाज बराच वेळ घुमत राहतो. रिव्हर्बरेशन चेंबरमध्ये रेडिओ लहरी तशाच घुमतात. ही चारही बाजूंनी, वर आणि खाली धातूने बंद केलेली खोली असते. लहरी शोषणारे काहीही आत लावत नाहीत, त्यामुळे त्या भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटत राहतात.

पण नुसते घुमणे पुरेसे नाही. बंद पेटीत काही ठिकाणी लहरी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी मारून टाकतात. याचा अनुभव घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही येतो. तिथे लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि अन्न एका जागी ठेवले तर कुठे चटका, कुठे गारठा राहतो. म्हणून ताट फिरवतात. काही ओव्हनमध्ये ताटाऐवजी धातूचा पंखा लहरी ढवळतो. चेंबरमध्येही असाच मोठा धातूचा पंखा असतो. त्याला स्टरर म्हणतात. तो थोडा फिरला की लहरींचा नकाशा बदलतो. पंख्याच्या अनेक स्थितींची सरासरी काढली, की यंत्रावर सगळ्या दिशांनी आणि सगळ्या ध्रुवीकरणांत सारखाच मारा झालेला असतो.

ही कल्पना १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडली गेली. १९८०च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेने तिला शिस्तबद्ध मापनाचे रूप दिले. आयईसी ६१०००-४-२१ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये आले आणि २०११ मध्ये सुधारले गेले. आता विमानातील उपकरणांच्या चाचणीतही ही पद्धत मान्य आहे. लहरी शोषल्या जात नसल्याने कमी ताकदीच्या ॲम्प्लिफायरमधूनही खूप तीव्र क्षेत्र मिळते, हा तिचा मोठा फायदा. सुळक्यांचा खर्चही वाचतो.

शिल्डिंग कसे मोजतात?

शिल्डिंग म्हणजे लहरी रोखणारे आवरण. ते किती रोखते हे डेसिबलमध्ये सांगतात. २० डेसिबल म्हणजे विद्युतक्षेत्र एक दशांश, ६० डेसिबल म्हणजे एक हजारांश.

एखादे कापड, जाळी किंवा गॅस्केट तपासायचे असेल तर मोठ्या चेंबरमध्ये एक छोटे चेंबर ठेवतात. छोट्याच्या भिंतीत खिडकी असते आणि तिच्यावर नमुना बसवतात. दोन्हीकडे पंखे फिरतात. आत किती लहर पोहोचली हे नमुन्यासह आणि नमुन्याशिवाय मोजले, की फरक हेच उत्तर.

इथे सर्वसामान्यांच्या समजाला धक्का देणारी एक गोष्ट कळते. पत्रा किती जाड आहे यापेक्षा फट किती लांब आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते. १ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी ३० सेंटिमीटर असते. १५ सेंटिमीटरची फट केसाएवढी बारीक असली, तरी या वारंवारितेला ती अँटेनासारखी वागते. उलट ओव्हनच्या दारातील जाळीला शेकडो भोके असतात, पण ती लहरीच्या तुलनेत फारच लहान असल्याने लहर आतच राहते. अशी फट कोणत्या दिशेने गळेल हे आधी सांगता येत नाही. सगळ्या दिशांनी मारा करणारी खोली ती हमखास शोधते.

मग ओव्हनमध्ये मोबाइल वाजतो तो का?

‘बंद ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून फोन लावा, वाजला तर ओव्हन गळका’ असे व्हिडीओ फिरत असतात. हा निकष चुकीचा आहे. मोबाइलला अतिशय क्षीण संकेतही पुरतो. दाराने संकेताचे विद्युतक्षेत्र शंभर पटीने कमी केले, म्हणजे ४० डेसिबलने रोखले, तरी जवळ टॉवर असेल तर फोन वाजू शकतो. शिवाय ओव्हनचे दार २.४५ गिगाहर्ट्झसाठी बनवलेले असते आणि फोन इतर वारंवारितांवरही चालतो. ओव्हनच्या गळतीची मर्यादा वेगळी आहे : ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस मीटरला ५० वॉट. ती मोजायला त्यासाठीचे मीटरच लागते. (फोन आत असताना ओव्हन चालू करणे धोक्याचे आहे.)

‘रेडिएशन रोखणाऱ्या’ चिप आणि स्टिकरनाही हाच प्रश्न विचारता येतो : किती डेसिबल, कोणत्या वारंवारितेला आणि कोणत्या पद्धतीने मोजले? या तीन गोष्टी नसतील तर दाव्याला अर्थ नाही. आणि एखाद्या आवरणाने खरोखरच संकेत अडवला, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन स्वतःची ताकद वाढवतो.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा आकाराची. लहर लांब असेल तर खोलीत ती पुरेशा प्रकारांनी घुमू शकत नाही. ५ बाय ४ बाय ३ मीटरच्या खोलीत गणिताने ३०० मेगाहर्ट्झपर्यंत सुमारे ४९० प्रकारचे घुमणे शक्य होते, १०० मेगाहर्ट्झपर्यंत जेमतेम १५. इतक्या थोड्या प्रकारांवर सरासरीचा भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी मर्यादा दिशेची. यंत्र बिघडले हे कळते. कोणत्या बाजूने लहर शिरली हे कळत नाही. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला नेमके तेच हवे असते.

तिसरी नियमांची. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लहरींच्या मर्यादा बहुतेक ठिकाणी ‘इतक्या मीटरवर इतके क्षेत्र’ अशा लिहिलेल्या आहेत. रिव्हर्बरेशन चेंबर मात्र एकूण किती शक्ती बाहेर पडली ते सांगते. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना गृहीतके धरावी लागतात.

भारतात हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

कारण चाचणी आता ऐच्छिक राहिलेली नाही. दूरसंचार उपकरणांना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची चाचणी व प्रमाणीकरण लागू झाले. वैद्यकीय उपकरणांपैकी अ आणि ब वर्गासाठी ऑक्टोबर २०२२, तर क आणि ड वर्गासाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. वैद्यकीय ईएमसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २०१४च्या आवृत्तीत घरी वापरायच्या यंत्रांसाठी १० व्होल्ट प्रतिमीटर, तर रुग्णालयातील यंत्रांसाठी ३ व्होल्ट प्रतिमीटर अशी सहनशक्ती मागितली. घरचे यंत्र अधिक कणखर हवे, कारण तिथे शेजारी मोबाइल कोण वापरतो यावर कोणाचे नियंत्रण नसते.

चाचणीचा पुरावा हाताशी नसला की काय होते, हे फाइव्ह-जीच्या वेळी दिसले. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरना शेजारच्या वारंवारितेचा त्रास होईल का, यावर जगभर वाद झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर परिसरात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचे टॉवर न उभारण्याची सूचना कंपन्यांना केली. जुन्या यंत्रांची सहनशक्ती अपुरी असल्याची किंमत विमानतळाशेजारच्या ग्राहकांना नेटवर्कच्या रूपाने मोजावी लागली.

तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान उद्योजकासाठी यातील धडा व्यावहारिक आहे. तयार झालेले यंत्र शेवटच्या टप्प्यावर नापास झाले, तर पेटी, वायरिंग आणि सर्किट सगळेच पुन्हा करावे लागते. प्रमाणपत्रासाठी ॲनेकोइक खोली अनेक ठिकाणी अपरिहार्य राहील. पण नमुना हातात असतानाच तो घुमणाऱ्या खोलीत ढवळून काढला, तर कच्चा दुवा रुग्णाच्या खाटेजवळ सापडण्याऐवजी प्रयोगशाळेत सापडतो. त्यामुळे देशातील प्रयोगशाळांमध्ये दोन्ही प्रकारच्या खोल्या असणे आणि त्यांचे दर लहान उत्पादकाला परवडणे, हा ‘मेक इन इंडिया’चा फारसा चर्चेत नसलेला, पण कळीचा भाग आहे.