हरण कोण मारतं?

डिसेंबरचा शेवट म्हणजे आमच्या धंद्यातले निवांत दिवस. कोड फ्रीझ असतो, क्लायंट सुट्टीच्या मूडमध्ये असतो आणि स्टेटस कॉलवर स्टेटस सोडून बाकी सगळ्या गप्पा होतात. गेल्या डिसेंबरात अशाच एका कॉलवर आयोवातला आमचा क्लायंट मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून तीन दिवस मी नाही. हरणाच्या शिकारीला चाललोय." आणि त्याने मागच्या वर्षीचा फोटो स्क्रीनवर टाकला. सगळीकडे बर्फ, अंगात भडक नारिंगी जाकीट, आणि समोर मेलेली हरणी.

पुण्याच्या बाजूला एकदम शांतता. मग कोणीतरी म्यूटचं बटण दाबलं आणि आमच्या खोलीत सगळे एकदमच बोलायला लागले. "शी! कसं बघवतं यांना?" "सुट्टी म्हणून कोणी जीव घेतं का?" मीही मान डोलावली. त्यात मी तर पडलो जंगलाकाठच्या भिवापूरचा, त्यामुळे इतरांपेक्षा जरा जास्तच डोलावली.

आठ दिवसांनी मी गावी गेलो आणि ही मान डोलावणी मला चांगलीच महागात पडली. झालं असं..

भिवापूर म्हणजे नागपूरहून उमरेडमार्गे नागभीड-गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मिरचीसाठी प्रसिद्ध. भिवापुरी मिरचीला जीआय टॅगसुद्धा आहे. पण हल्ली 'मी भिवापूरचा' म्हटलं की ऑफिसातले लोक मिरचीचं नाव काढत नाहीत, वाघाचं काढतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या शेजारीच आहे, १८९ चौरस किलोमीटरचं. 'जय' नावाचा तो प्रचंड वाघ २०१३ साली नागझिऱ्याहून चालत इथेच आला आणि एप्रिल २०१६ नंतर कोणाला दिसलाच नाही. माझ्या टीममधले चौघं गेल्या वर्षी कऱ्हांडला गेटची सफारी करून आले. त्यांना चितळांचे कळप दिसले. "सो क्यूट!" म्हणून फोटोही टाकले होते.

हेच क्यूट कळप संध्याकाळ झाली की आमच्या हरभऱ्यात येतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिवाळ्यात जंगलातलं गवत वाळून जातं आणि त्याच वेळी शेतात हरभरा, गहू, लाखोळी हिरवीगार असते. चितळ शेंडे खुडतं, रोही (म्हणजे नीलगाय) खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त, आणि रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी शेतात नांगर फिरल्यासारखं दिसतं. म्हणून जागल. थंडीत आठ-नऊ डिग्रीत शेतात मचाण बांधून रात्रभर शेकोटी, टॉर्च, फटाके आणि घसा फाटेपर्यंत हाकारे. हे एक-दोन रात्री करायचं काम नाही. घाटे भरून हरभरा घरी येईपर्यंत रोज.

आमची शेती मोठे बाबा बघतात. वय त्रेसष्ट. बाबांची मास्तरकी, त्यामुळे माझ्या इंजिनीअरिंगच्या फीचा बराचसा भाग याच शेतातून आलेला. मी पोचलो त्या रात्री मीच म्हटलं, "मोठे बाबा, आज तुम्ही झोपा, मी जातो जागलीला." ते हसले आणि सोबत आले. (पुण्याच्या पोराला एकटं शेतात सोडायला ते काही वेडे नाहीत!)

रात्री दीडच्या सुमारास मी शेकोटीसाठी लाकडं आणायला झोपडीत गेलो. टॉर्चच्या उजेडात कोपऱ्यात दिसलं ते असं: बारीक लोखंडी तारेचं एक भेंडोळं, पाच-पन्नास लाकडी खुंट्या आणि पंपाच्या पेटीपासून ओढता येईल एवढी लांब केबल.

ते कशासाठी आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खुंट्या ठोकायच्या, गुडघ्याच्या खाली तार ओढायची आणि तिच्यात सरळ लाईन सोडायची. सकाळी उजाडायच्या आधी जाऊन बंद करायची.

मी बाहेर येऊन विचारलं, "तुम्ही लावता हे?"

मोठे बाबा शेकोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून नाही लावलं. आणून ठेवलं. दोन वर्षं झाली, माह्या गुडघ्यानं जागल होत नाही बाबू. मजूर एका रात्रीचे जेवढे मागते तेवढ्याचा हरभरा होत नाही."

"अहो पण माणूस मरेल! जेल होईल!"

"मले समजत नाही का ते?" आणि मग थोड्या वेळाने, "तू सांग मंग. का करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवसांपूर्वी एसी खोलीत माझ्याकडे मतांचा नुसता पूर होता..

त्या रात्री दोन-तीन वेळा कळप आला, आम्ही हाकलला. मधल्या वेळात मी आयोवातल्या शिकारीबद्दल फोनवर वाचत बसलो. तिकडचा उशिराचा हंगाम म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर सुरू होऊन जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालणारा. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम. ठासणीची म्हणजे आपल्याकडची भरमार. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत हरण पसार. नोव्हेंबरातला माजाचा काळ संपलेला असतो, नर दमलेले असतात, थंडी मरणाची असते आणि हरणांना फक्त खायला हवं असतं. म्हणून शिकारी मक्याच्या किंवा सोयाबीनच्या शेताच्या कडेला, वाऱ्याची दिशा बघून, दुपारपासून गारठत बसतो. काळोख पडायच्या आधी कळप खायला येईल या आशेवर.

वाचताना हसू आलं. शेत तेच, थंडी तीच, भुकेली हरणं तीच. तो आमच्या मोठ्या बाबांसारखाच बसतो, फक्त त्याला हरण यायला हवं असतं :)

पण पुढे वाचलं तसं हसू कमी झालं. तिथे एक परवाना म्हणजे एक हरण. मारलं की त्याला टॅग लावायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या आत सरकारला कळवायचं: नर की मादी, कुठल्या काउंटीत. या आकड्यांचा आधार घेऊन पुढच्या वर्षी कुठल्या काउंटीत माद्यांचे किती परवाने द्यायचे ते ठरतं. मांस नको असेल तर ते गरजूंना पोचवणारी सरकारी योजना आहे. बंदुका आणि काडतुसांवरच्या दहा-अकरा टक्के कराचा पैसा १९३७ सालच्या कायद्याने राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेछूट शिकारीने ही पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत.

आता लगेच 'हा अमेरिकेच्या कौतुकात वाहून गेला' म्हणू नका. मला भिवापुरात शिकारीचा हंगाम नकोय. कारण साधं आहे. आयोवातले लांडगे आणि पहाडी सिंह माणसानेच कधीच संपवले, आता ते काम बंदूकवाला करतो. आमच्याकडे तो खाणारा अजून जिवंत आहे, पट्ट्यांसकट. चितळ हे त्याचं जेवण आहे. आणि आपल्याकडे बंदुकीचे परवाने वाटले तर काय होईल हे सांगायला नकोच. २०१६ साली बिहारमध्ये केंद्राच्या परवानगीने अडीचशे रोही मारले तेव्हा दिल्लीत मंत्र्यांमंत्र्यांत जुंपली होती. रोही आणि रानडुक्कर मारायची परवानगी आपल्या राज्यातही नियमात आहे, पण त्रेसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला तो कागद घेऊन करायचं काय?

माझं म्हणणं वेगळं आहे. १९७२ च्या कायद्याने आपण शिकार बंद केली आणि चांगलं केलं. पण मारणं बंद झालं असं समजून आपण शहरातले लोक मोकळे झालो. मारणं बंद झालेलं नाही, ते फक्त दिसेनासं झालंय. त्या आयोवावाल्याला मादी दिसते की नर, अंतर किती, मागे कोणी आहे का, हे बघून चाप ओढावा लागतो. तार काहीच बघत नाही. चितळ, गाभण चितळ, डुक्कर, शेजाऱ्याची गाय, पहाटे पाणी द्यायला निघालेला मजूर, तारेला सगळे सारखेच. जयचा बछडा श्रीनिवास, कॉलर लावलेला तरणा वाघ, एप्रिल २०१७ मध्ये आमच्याच रस्त्यावर पुढे नागभीडकडे एका शेताच्या तारेने मेला. तो वाघ होता म्हणून पेपरात आलं. त्या तारेने चितळ मेलं तर कोण सांगणार? गुपचूप पुरलं की संपलं.

आणि याचा खर्च कोण देतं? सफारीचं तिकीट आपण काढतो, जिप्सीचे पैसे देतो आणि हिशेब पुरा झाला असं समजतो. त्या चितळाचं रात्रीचं जेवण शेतकरी पुरवतो. नुकसानभरपाई आहे, नाही असं नाही. तीन दिवसांच्या आत अर्ज, मग पंचनामा, मग वाट बघणं. पण रोज थोडं थोडं खाल्लेल्या हरभऱ्याचा पंचनामा कुठल्या दिवशी करायचा?

आता थोडं इंजिनीअरिंग, कारण मोठ्या बाबांच्या 'का करू'ला उत्तर द्यायचं होतं. उत्तर गावातच होतं: झटका मशीन. पंपाच्या लाईनीत २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो. स्नायू आखडतात आणि प्राणी तारेला चिकटून राहतो, म्हणून मरतो. झटका मशीन बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं. व्होल्टेज काही हजार, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा, आणि साधारण सेकंदाला एकच. मधल्या वेळात स्नायू सुटतो आणि प्राणी बोंबलत पळतो. जिवंत. तार दोन्हीकडे सारखीच, फरक फक्त तारेत काय सोडता त्याचा. जंगलाकाठच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणावर ७५ टक्के अनुदानही आहे.

"माहीत आहे," मोठे बाबा म्हणाले. "अर्ज करा, यादीत नाव या, आधी स्वतःचे पैसे भरा. हरभरा तोवर थांबत नाही ना."

दुसऱ्या दिवशी उमरेडला जाऊन मशीन, बॅटरी, पॅनल आणि तार घेऊन आलो. अनुदानाची वाट बघितली नाही. सगळं मिळून माझ्या फोनपेक्षा स्वस्त पडलं, हे लिहितानाही लाज वाटते. तीन वर्षं मी घरी पैसे पाठवतोय, पण 'रात्री झोपता का?' हे एकदाही विचारलं नव्हतं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण चौथ्या दिवशी शेजारच्या शेतातले काका बांधावर आले आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडून हाकललेले सारे आता माह्याकडे येऊन राहिले." बरोबरच होतं. आपण एका मॉड्यूलमधला बग दुसऱ्यात ढकलतो ना, तसं. त्यांच्याकडे पुण्यात नोकरी करणारा पुतण्या नाही. त्यांच्या झोपडीत काय ठेवलंय ते मी विचारलं नाही.

म्हणून माझं मत असं की कुंपण एकेका शेताचं नको, शिवाराचं हवं. गावाच्या जंगलाकडच्या पूर्ण हद्दीला, आणि हंगामाच्या आधी. त्याचा पैसा वाघ बघायला येणाऱ्यांनी द्यावा, प्रत्येक तिकिटावर स्पष्ट लिहून: 'हे कुंपणासाठी'. बंदूकवाल्यांनी १९३७ पासून दिला, मग कॅमेरावाल्यांना जड का जावा? मी स्वतः पुढच्या सफारीला दुप्पट द्यायला तयार आहे. माझ्या टीममधल्या त्या चौघांनाही विचारणार आहे.

जानेवारीत पहिला कॉल झाला. आयोवावाला तीन दिवस बर्फात बसून हात हलवत परत आला होता. हरणी दिसल्या, पण टप्प्यात एकही आली नाही, म्हणून बार टाकलाच नाही. मग त्याने माझी सुट्टी कशी गेली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वर्षाला किती मरतात तुमच्याकडे, तारेने?"

मी म्हटलं, सापडतात त्यांची नोंद होते.

तो काही बोलला नाही. या वेळी म्यूटचं बटण कोणी दाबलेलं नव्हतं.

असो. परवा फोनवर मोठे बाबा म्हणाले, हरभरा बरा आहे, रात्री झोप लागते. ते जुनं भेंडोळं कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "आहे झोपडीतच. शेजारचा मांगत होता. देल्लं नाही."

या पावसाळ्यात त्या शेजारच्या काकांचा अनुदानाचा अर्ज मी स्वतः बसून भरणार आहे. तुमचंही गाव जंगलाकाठी असेल तर एवढंच करा: पुढच्या फोनवर 'पीक कसं आहे'च्या आधी 'जागलीला कोण जातं' ते विचारा.