पहिला तांब्या



थंडी पडली की अंघोळीच्या वेळी घरोघरी एक लढाई सुरू होते. ‘आई, पाणी अजून तापव ना!’ ‘पाचच मिनिटं थांब गं!’ तुमच्याकडेही होते ना? मग आजची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

माझं माहेर साताऱ्याचं आणि शाळा सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. दोन वर्षांपूर्वी आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात चांगला हुशार. पण शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेचा पेपर हातात पडला, की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, तळहाताला घाम सुटायचा आणि येणारी उदाहरणंही अडायची. अर्धा पेपर कोरा!

एके दिवशी स्वारी शिंकत शिंकत वर्गात आली. मोबाईलवर त्यानं पाहिलं होतं, की मोठमोठे खेळाडू बर्फाच्या पाण्यात बसतात आणि त्यानं मन पोलादासारखं होतं. मग काय, गड्यानं फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत ओतला आणि पहिलाच तांब्या थेट डोक्यावर! श्वास असा अडकला, की ओरडताही येईना. ओल्या अंगानं पळाला बाहेर. मला हे सांगून झाल्यावर त्यानं खाली मान घालून विचारलं, “बाई, मी भित्रा आहे का हो?”

मी म्हटलं, “नाही रे बाळा. तुझं शरीर अगदी बरोबर वागलं.”

कसं ते पाहा. हवेपेक्षा पाणी आपल्या अंगातली उष्णता कितीतरी वेगानं ओढून घेतं. गार पाणी पडलं, की कातडीखालच्या नसा मेंदूला ‘संकट! संकट!’ असा निरोप धाडतात. आपण एकदम ‘हाऽ’ करून श्वास आत ओढतो. अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन रक्तात उतरतं आणि हृदय धावू लागतं. आता गंमत ऐका. परीक्षेच्या वेळी जी धडधड होते ना, तीही याच अ‍ॅड्रेनॅलिनची करामत! शरीराला बादली आणि प्रश्नपत्रिका यांतला फरक कळत नाही.

मग यावर उपाय काय? तो मला लहानपणीच मिळाला होता, पण तेव्हा कळला नव्हता. कार्तिकात आजी आम्हांला पहाटे संगम माहुलीला न्यायची. तिथं कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. पाण्यात पाय घातला, की मी दातावर दात दाबून श्वास कोंडून धरायची. आजी म्हणायची, “अगं पोरी, श्वास सोड. कोंडलास की थंडी जास्ती वाजती. मोठ्यानं म्हण, हर हर गंगेऽऽ!” आणि खरंच, तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत थंडी निम्मी व्हायची. मला वाटायचं, देवाचं नाव घेतल्यानं हे होतं. आजीची श्रद्धा होतीच. पण तुम्हीच ‘गंगेऽऽ’ लांबवून म्हणून बघा. श्वास आपोआप सावकाश बाहेर जातो! आणि श्वास सावकाश सोडला, की हृदयाचे ठोके मंदावतात. मेंदूला निरोप मिळतो, ‘संकट टळलं.’

श्वासाची ही शक्ती आपल्या भागातल्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातली आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. नमस्कारात हालचाल आणि श्वास यांची सांगड असते. मागे झुकताना श्वास घ्यायचा, पुढे वाकताना सोडायचा. पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली.

आता एक धोक्याची सूचना, आणि ती आईबाबांनीही वाचावी. भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज मुलं विहिरीत, नदीत लावतात. ही पैज जिवावर बेतू शकते. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतल्यानं तो आधीच कमी होतो. मग प्राणवायू संपत आला, तरी धोक्याची घंटा वाजत नाही, आणि पोहणारा पाण्यातच बेशुद्ध होतो. चांगला पोहणाराही यातून वाचेलच असं नाही. म्हणून श्वासाचे कोणतेही प्रयोग पाण्यात उतरून करायचे नाहीत. बर्फाची बादलीही नको. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, अंगात ताप असेल, तर गार पाणीसुद्धा नको.

मग त्या मुलानं काय केलं? आम्ही दोघांनी मिळून एक साधा नेम ठरवला. त्याच्या आईलाही विचारलं. रोजच्या कोमट अंघोळीनंतर नळाच्या साध्या पाण्याचा एक तांब्या. आधी पायांवर, मग हातांवर, शेवटी खांद्यांवर. ओतताना श्वास कोंडायचा नाही, सावकाश सोडायचा. आणि वर्गात पेपर हातात आला, की तीन अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा. असं पाच वेळा. मगच पेन उचलायचं.

पहिल्या आठवड्यात रोज कुरकुर. हळूहळू गार पाण्याचा तो दचका कमी झाला. शरीरालाही सवय लागते, मुलांनो! पण ती एका दिवसात नाही लागत.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला. त्याचं नाव यादीत नव्हतं. मला वाटलं, आता हा रडणार. तो डोळे पुसत आला खरा, पण म्हणाला, “बाई, पेपरचं शेवटचं पान मी पहिल्यांदाच सोडवलं.”

सांगा बरं, तो भित्रा होता का? छातीत धडधडणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. धडधडत असतानाही श्वास सोडून पुढचं पान उलटणं, यालाच तर कणखरपणा म्हणतात.

तर मग उद्या सकाळी तांब्या हातात घ्याल, तेव्हा आधी आईला विचारा, आणि पाणी ओतताना माझ्या आजीचं ऐका. श्वास सोडा!

तुमच्या बाई